पाय दे जरा

कावळा नाक्याच्या सिग्नलला पाय खाली गेला
आणि खाली काही लागलंच नाही.
म्हणजे लागलं, पण उतू आलेल्या फेसासारखं.
तिसऱ्यांदा दाबल्यावर ओम्नी थांबली.
मागचे बेचाळीस डबे थोडे पुढं सरकून मग थांबले.

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींनी
दारातूनच वाकून पेडल हातानं दाबलं.
"हवा धरलीय लायनीत.
शेवटचं कुणी खोललं होतं?"
मी म्हटलं, "काय की."

त्यांचं पोरगं आजऱ्याला सोयरिकीला गेलेलं.
"वहिनी, तुम्हीच बसा की वर.
एकट्याचं काम न्हाई हे."
मी चपला काढून बसले. का काढल्या कुणास ठाऊक.

मागचं डावं चाक आधी, सगळ्यात लांबचं.
निपलला सलाईनची नळी,
तिचं दुसरं टोक पाण्याच्या जुन्या बाटलीत,
तळाशी बोटभर ऑईल, त्यात बुडवलेलं.

"मारा."
एक. दोन. तीन.
"धरा."
खाली पाना किरकिरतो
आणि माझ्या तळव्याखालचं पेडल
जातंच खाली, कुणी हात सोडवून घ्यावा तसं.
"धरा, धरा. मी सांगेपर्यंत उचलायचं न्हाई.
उचललं की बाहेरची हवा परत आत."
पाना आवळतो.
"सोडा."

बाजूच्या आरशात त्यांच्या दोन टाचा दिसतात
आणि ती बाटली.
काकवीसारखं काळपट तेल, त्यातून बुडबुडे.

"हवा दबती, वहिनी. तेल दबत न्हाई.
तुमचा सगळा जोर ती हवाच खाती,
चाकापर्यंत काय पोचतच न्हाई."
मी आयुष्यभर हवेवर भाकरी फुगवली.
माझ्या घरात हवा म्हणजे बरकत.
इथं ती चोर.

"मारा."
तीनदा.
"धरा."

चाकणला जायच्या आदल्या सकाळी
अभिनंदननं मागचा सिलिंडर बदलला होता.
गळत होता म्हणे. मोबाईलवर बघून,
अंगणात, माझा जेवणाचा पाट बुडाखाली घेऊन.
दोनदा हाक मारली,
"आई, पाय दे जरा."
मी म्हटलं, डबे भरायचेत, नंतर.
तिसऱ्यांदा मारली नाही.
मग एकटाच वर चढून दाबायचा,
उतरून मागं पळायचा,
पुन्हा वर, पुन्हा मागं.
आमटी ढवळताना खिडकीतून दिसत होता.
मला हसूच आलं होतं.

तेव्हापासून पेडल मऊ लागायचं.
मला वाटायचं, नवं आहे, बसेल.

"सोडा."
बाटलीत एक मोठा बुडबुडा वर आला,
मागोमाग दोन बारके.
ते त्याचं पळणं होतं.

"दमला का पाय?"
"नाही," म्हटलं. मांडी थरथरत होती.

दुसरं चाक, तिसरं.
मध्येच उठून त्यांनी टाकीत ऑईल ओतलं,
कोरडी पडली तर पुन्हा पहिल्यापासून.
चौथ्या चाकाला नळीत नुसतं तेल आलं,
करडईच्या तेलासारखं, एकसंध.
पेडल अर्ध्यावर आलं आणि तिथंच थांबलं.
पाट्यावर वरवंटा ठेवावा तसं.

हात पुसत मिस्त्री म्हणाले,
"सिलिंडर बरोबर बसवलाय हां ज्यानं कुणी बसवलाय.
नुसतं वर बसायला माणूस मिळालं नसंल."
पैसे मोजताना माझी एक नोट दोनदा मोजली गेली.

रात्री फोन आला. पाळी सुटली होती त्याची.
जेवलास का, जेवलो.
मग म्हणाला, "गाडीचा ब्रेक कसाय?"
"चांगलाय," मी म्हटलं.
"तूच बसवलायस की."

तिकडून काही आलं नाही.
कुठलातरी ट्रक गेला फक्त, त्याच्या बाजूनं.
मीही काही बोलले नाही, फोनही ठेवला नाही.
धरून राहिले.